बेचाळीस जाताना, चौतीस येताना

विमान बंद झालं, आणि ते चौकशीबाईंनीच बंद पाडलं.

पण हे अजून घडलेलंच नाही असं धरून चालू. सध्या मंगळवार आहे, भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली आहेत, एकोणीस आसनांच्या विमानाने दोनच मिनिटांपूर्वी जमीन सोडली आहे आणि चौकशीबाई खिडकीमागच्या खोलीत काळ्या फोनचा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ओरडत आहेत.

"हॅलो! सुटलं! अकरा दहा!"

"लिहिलं," पलीकडून आवाज आला. "किती डोकी?"

"चौदा. आणि एक शिलाई मशीन."

"मशीन ठेवलंय की बसलंय?"

"बसलंय. मालकानं त्याला खिडकीची जागा मागितली."

"घाबरट आहे का?"

"मशीन नाही. मालक आहे."

फोन ठेवून बाई पुन्हा खिडकीपाशी येऊन बसल्या. विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक वजनकाटा, बारा खुर्च्या आणि ही 'चौकशी' लिहिलेली खिडकी. विमान दिवसातून एकदाच जायचं, पलीकडच्या गावाला, आणि थोडा दम खाऊन परत यायचं. दोन गावांच्या मध्ये डोंगराची रांग अशी आडवी पडली होती की रस्त्याला तिला पूर्ण वळसा घालावा लागे. तीनशे चाळीस किलोमीटर, आठ तास. विमान मात्र सरळ वरून जाई.

एकोणीस वर्षं लोक बाईंना दोनच प्रश्न विचारत आले होते. किती लांब? आणि किती वेळ?

"एकशे ब्याण्णव किलोमीटर. जाताना बेचाळीस मिनिटं, येताना चौतीस."

एखादा चौकस माणूस थबकायचा. "अंतर तेवढंच, मग येताना कमी कसं?"

"वारा," बाई सांगायच्या.

डोंगरावरून पलीकडून अलीकडे एक वारा वाहतो, हे दोन्ही गावांत सगळ्यांना माहीत होतं. अंगाला तो कुणाच्याच लागला नव्हता. तो फक्त विमानाला लागायचा. पलीकडच्या शाळेत तो भूगोलात होता, दोन गुणांना.

आता हे आकडे आले कुठून, ते सांगायला हवं. विमान उडालं की बाई भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ चिठ्ठीवर लिहीत आणि फोन फिरवायला घेत. तो लागायला कधी दोन मिनिटं जात, कधी सात. लागला की चिठ्ठीवरची वेळ सांगत. विमान तिकडे टेकलं की तिकडचे गृहस्थ त्यांच्या घड्याळात बघून चिठ्ठी करत आणि उलटा फोन करत. बाई एका वेळेतून दुसरी वजा करत. परतीचंही तसंच. हे त्यांनी एकही दिवस न चुकवता केलं होतं. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा, कारण मुहूर्त संध्याकाळचा होता. घड्याळ रोज सकाळी रेडिओच्या टिकटिकीवर लावायचं, आधी मनगटावरचं, मग भिंतीवरचं, हेही कधी चुकलं नव्हतं. अशा बाईच्या आकड्यावर संशय कोण घेणार?

वैमानिकाच्या वहीत दोन्ही वेळा अडतीस मिनिटं असत. पण वैमानिकाची वही मुख्य कार्यालयात इंधन खात्याकडे जाई आणि बाईंची वेळ खात्याकडे, आणि ही दोन खाती एकाच मजल्यावर असल्यामुळे त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं.

बाईंनी तिकडच्या गृहस्थांना कधी पाहिलं नव्हतं. त्या त्यांना 'पलीकडचे' म्हणत. यावर त्यांचा आक्षेप होता.

"पलीकडच्या तुम्ही. मी आहे तिथंच आहे."

"मी पण आहे तिथंच आहे."

"मग पलीकडे कोण आहे?"

या प्रश्नावर दोघांची एकोणीस वर्षं मजेत गेली होती.

त्या मंगळवारी पलीकडच्यांचा 'उतरलं, अकरा बावन्न' हा फोन आला, तेव्हा बाईंच्या हातात टपालातून आलेलं परिपत्रक होतं.

"वाचून दाखवते, ऐका. 'ज्या मार्गाचा जातानाचा उड्डाणकाल चाळीस मिनिटांपेक्षा कमी आहे, तो मार्ग रस्त्याने सहज पार करण्याजोगा समजून बंद करण्यात येईल.'"

पलीकडच्यांनी आपल्या चिठ्ठ्या चाळल्या. "आपले किती?"

"बेचाळीस."

"मग वाचलो की हो!"

"वाचलो. पण तपासणीस येताहेत. गुरुवारी प्रत्यक्ष विमानात बसून वेळ बघणार. आणि लिहिलंय, 'नोंद ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याने सोबत असावे.'"

"म्हणजे तुम्ही येणार?"

"यावं लागणार."

"बाप रे," पलीकडचे म्हणाले. "खोली झाडून घेतो."

चौकशीबाई आजवर विमानात बसल्या नव्हत्या. भीती वगैरे नव्हती. पण त्या विमानात बसल्या तर 'सुटलं' कोण सांगणार? ही अडचण एकोणीस वर्षांत कुणी सोडवली नव्हती, कारण ती बाईंशिवाय कुणाला पडली नव्हती.

घरी त्यांचे यजमान शर्टाला बटण लावत बसले होते. ते त्याच दोन गावांमधली बस चालवायचे, म्हणजे घरात एकाच अंतराची दोन खाती होती.

"विमानानं जाणार म्हणे," यजमान म्हणाले. "माझ्या बसमध्ये कधी बसली नाहीस."

"तुमच्या बसला वेळ किती लागतो ते तरी खरं सांगता का लोकांना?"

"आठ तास."

"अहो."

"बरं, नऊ. बोर्डावर आठ लिहिलंय. बत्तीस वर्षांत एक माणूस तपासायला आला नाही." त्यांनी दोरा दातानं तोडला. "तुमच्याकडे काय, दोन मिनिटं इकडची तिकडं झाली की जीप भरून साहेब येतात."

"आमची मिनिटं मोजलेली असतात."

"आमचे प्रवासी मोजलेले असतात. पुरेसे आहेत. तुझं विमान बंद पडू दे, नाहीतर मला छतावर बसवायला लागतील."

एवढं बोलून त्यांनी बाईंची गुरुवारची साडी स्वतः इस्त्री केली, तीही दोनदा.

गुरुवारी तपासणीस आले. वेळ खात्यात अकरा वर्षं नोकरी, विमानात पहिल्यांदाच. चाकं जमिनीवरून उचलली तशी त्यांनी डोळे मिटले आणि कागदी पिशवी उघडली. पिशवी आणि ते, दोघंही शेवटपर्यंत तसेच राहिले. खाली वजनकाटेवाल्याकडे फोनचं काम सोपवलं होतं. त्याच्याकडून बाईंनी पाठ करून घेतलं होतं: 'सुटलं, अकरा दहा.' तरी त्यानं जादा माहिती दिलीच: "सुटलं, अकरा दहा, आणि आमच्या बाई वर आहेत, जरा जपून उतरवून घ्या."

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, पण बाहेर पाहत नव्हत्या. त्या मनगटाकडे पाहत होत्या. डोंगर खालून गेले. बाईंनी वाऱ्यासाठी कान दिले. वारा असा काही जाणवला नाही. म्हटलं, आतून कळत नसेल. मग विमान खाली वळलं, झाडं मोठी झाली, चाकं टेकली. मनगटावर अकरा अठ्ठेचाळीस झाले होते.

अडतीस मिनिटं.

आज वारा पडलेला असणार, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. एकोणीस वर्षांत नेमका आजच.

पलीकडचे दारात उभे होते. फोनवरच्या आवाजावरून बाईंनी त्यांना उंच, सडसडीत धरलं होतं. ते बुटके आणि गोल निघाले, आणि त्यांनी हात जोडले ते कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.

"उतरलं," ते म्हणाले. दुसरं काही सुचलंच नसावं.

बाईंचं लक्ष त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे गेलं. भिंतीवर घड्याळ होतं आणि त्यात अकरा त्रेपन्न झाले होते. बाईंनी मनगट वर केलं. अकरा एकोणपन्नास.

"तुमचं घड्याळ पुढे आहे."

"नाही हो. सगळं गाव याच्यावर घड्याळ लावतं. शाळेची घंटा, दवाखाना, पोस्ट. विमानतळाचं घड्याळ चुकेल कसं?"

"रेडिओवर लावता?"

"रेडिओला डोंगर आडवा येतो. इथं फक्त खरखर लागते."

"मग पहिल्यांदा कशावर लावलं?"

पलीकडच्यांनी आठवून पाहिलं. आठवत असताना चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मी नवीन रुजू झालो ना," ते म्हणाले, "तेव्हा मला उठायला उशीर व्हायचा. म्हणून मीच चार मिनिटं पुढे केलं होतं."

"आणि मागे कधी केलं?"

"मागे कशाला करू? उशीर कधी झालाच नाही."

दोघंही त्या घड्याळाखाली उभे राहिले. बाईंच्या डोक्यात बेरजा-वजाबाक्या आपोआप होऊ लागल्या. जाताना चार जास्त. येताना चार कमी. वारा नव्हता. एकोणीस वर्षं एका अख्ख्या डोंगरावर त्यांनी नसलेला वारा वाहवला होता.

मागून तपासणीस भिंतीला धरत धरत आले. रंग अजून परतला नव्हता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, फॉर्म काढला.

"सुटलं अकरा दहा. टेकलं बावन्नला, बरोबर? बेचाळीस. छान. मार्ग चालू राहणार. मॅडम, इथं सही करा."

पलीकडचे हळूच म्हणाले, "करा ना बाई. बेचाळीस काय, अडतीस काय. आपलं विमान राहील. आणि..." पुढचं त्यांनी फोनकडे बघून मनातच ठेवलं.

बाईंनी पेन उघडलं. मिटलं.

"परत गेल्यावर करते," त्या म्हणाल्या. "फॉर्मवर येतानाचाही रकाना आहे."

परतीच्या विमानात त्यांच्या शेजारी एक म्हातारी बाई बसली. पायाशी पिशवी, मनगटावर मोठ्या आकड्यांचं घड्याळ.

"तुम्हीच ना खिडकीतल्या?" म्हातारी म्हणाली. "मी दर महिन्याला येते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बसनं नऊ तास बसवत नाही आता. तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलं होतं, येताना चौतीस मिनिटं. ते धरून बसते मी."

विमान उडालं. म्हातारीने घड्याळावर बोट ठेवलं आणि गप्पा सुरू केल्या. मुलगा काय करतो, सून काय करत नाही. पण मधेच तिचं बोलणं थांबलं. तिने बाईंचा हात धरला, अगदी घट्ट.

"काय झालं, आजी?"

"चौतीस झाली."

बाईंनी पाहिलं. खाली अजून डोंगर होते.

"आता येईलच," बाई म्हणाल्या.

"येतं हो. दर वेळी येतं. पण मला भीती वाटते. चौतीस झाली आणि उतरलं नाही, म्हणजे काहीतरी बिघडलं असणार ना? मग मी मोजणं सोडते आणि सगळ्यांची आठवण काढायला घेते. थोरला, धाकटा, लेक, नातवंडं. मग बहिणी. मग जावा. धाकट्या जावेपर्यंत पोचते तेवढ्यात चाक टेकतं. तिचं नाव काही अजून घेऊन झालं नाही."

"दर वेळी?"

"सहा वर्षं."

"अहो, मग मला सांगायचं होतंत!"

"काय सांगू? उतरून तुमच्या भिंतीवर बघावं तर बरोबर चौतीसच झालेली. म्हटलं, माझं घड्याळच घाबरून पळतंय."

म्हातारी आता पुटपुटत होती. लेकीपर्यंत आली होती. पुढच्या रांगेत एक माणूस खुर्चीचा हात दाबून बसला होता. त्याच्या पलीकडची बाई डोळे मिटून होती. चौकशीबाईंनी अख्ख्या विमानावर नजर फिरवली. प्रत्येक जण आपापलं मनगट धरून बसला होता, आणि प्रत्येकाला आकडा दिलेला होता तो त्यांचाच. रोज विमानातून उतरणारे लोक त्यांच्या खिडकीपाशी येऊन "पोचलो बाई एकदाचे!" म्हणत. बाईंना वाटे, लोकांना बोलायची पद्धत आहे.

चार मिनिटं फार मोठी असतात. बाईंनी ती पहिल्यांदाच आतून पाहिली.

चाक टेकलं.

बाहेर वजनकाट्याच्या टेबलावर तपासणीसांनी फॉर्म पसरला. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना बरं वाटत नव्हतं, घरी जायचं होतं आणि कुणाचं विमान बंद करायची हौसही नव्हती.

"जाताना बेचाळीस," ते म्हणाले.

"अडतीस," चौकशीबाई म्हणाल्या.

"मॅडम, माझ्या कानात दडे बसलेत. मला नीट ऐकू येत नाही. पुन्हा सांगा. बेचाळीस ना?"

"अडतीस."

"अजूनही बसलेलेच आहेत. शेवटचं सांगा."

"साहेब, तुमचे दडे सुटेपर्यंत मी अडतीसच सांगेन. जाताना अडतीस, येताना अडतीस. पलीकडचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. वारा नाही."

तपासणीसांनी पेन खाली ठेवलं. "मार्ग बंद होईल. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. पण मला सांगा, नियम चाळीसचाच का?"

तपासणीसांनी विचार केला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "गोल आकडा आहे," ते म्हणाले.

"मग तो बदला. गोल आहे, कसाही फिरवता येईल. वेळ मला बदलता येत नाही."

"ते माझ्या अखत्यारीत नाही."

"शेऱ्याला जागा आहे फॉर्मवर?"

जागा होती, दोन बोटांची. बाईंनी तीत मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत लिहिलं: रस्त्याने आठ तास, प्रत्यक्षात नऊ. सहज पार करण्याजोगा नाही. दर महिन्याला डोळे दाखवायला जाणाऱ्या प्रवासी आहेत. मग खाली सही केली. सहीचा हात जरासुद्धा हलला नाही, असं वजनकाटेवाला पुढे बरीच वर्षं सांगत असे. वजनाची पारख असलेला माणूस, त्याचं म्हणणं आपण मान्य करू.

घरी यजमानांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चार मिनिटांपायी माझ्या बसवर एवढी माणसं घातलीस."

"घातली."

"आणि माझे नऊ तास फॉर्मवर लिहून दिलेस. सरकारी."

"दिले."

दुसऱ्या दिवशी यजमानांनी स्टँडवर जाऊन बोर्डावरचा आठ पुसला आणि नऊ लिहिला. वाहतूक नियंत्रकाने विचारलं, कुणाच्या परवानगीने? ते म्हणाले, घरच्या.

विमान आणखी तीन आठवडे चाललं. या तीन आठवड्यांत पलीकडच्यांनी घड्याळ मागे केलं. सगळं गाव मागे आलं. शाळा चार मिनिटं उशिरा सुटली म्हणून पोरांनी आरडाओरडा केला, आणि भूगोलातून वारा काढून टाकावा लागला. खिडकीवर बाई आता सांगत, "अडतीस जाताना, अडतीस येताना." लोक म्हणत, "वारा पडला वाटतं?" त्या म्हणत, "घड्याळ जागेवर आलं." शेवटच्या आठवड्यात ती म्हातारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आली. विमानातून उतरून सरळ खिडकीपाशी गेली.

"आज बाहेर बघितलं मी," ती म्हणाली. "डोंगरावर झाडं आहेत हो. एवढी वर्षं गेले वरून, मला ठाऊकच नव्हतं."

मग मात्र मघाशी आपण जे घडलंच नाही असं धरलं होतं, ते घडलं. शेवटच्या दिवशी बाईंनी फोन केला. "सुटलं. अकरा दहा." अडतीस मिनिटांनी घंटी वाजली, आणि पलीकडचे म्हणाले, "उतरलं. अकरा अठ्ठेचाळीस." "आता पलीकडे कोण राहिलं?" पलीकडच्यांनी विचारलं. बाईंनी चिठ्ठीवर अकरा अठ्ठेचाळीस लिहिलं. त्याच संध्याकाळी फोनची तार काढून नेली.

विमानतळ मात्र बंद झाला नाही, कारण तसं परिपत्रक निघायचं राहून गेलं. बाई रोज येतात, घड्याळ रेडिओवर लावतात आणि खिडकी उघडतात. बस चुकलेला एखादा माणूस सावलीला येऊन बसतो आणि उगाच विचारतो, इथून पलीकडे किती लांब? गेल्या महिन्यात मुख्य कार्यालयाचं पत्र आलं, की सदर मार्ग बंद झाल्याने 'त्याचे अंतर व उड्डाणकाल रद्द समजावेत व कोणासही सांगू नयेत.' बाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि त्याच दिवशी उत्तर पाठवलं:

'महोदय,

आपल्या पत्रान्वये दोन विमानतळांमधील एकशे ब्याण्णव किलोमीटर अंतर रद्द करण्यात आल्याचे कळले. तथापि आज सकाळी पाहणी केली असता सदर अंतर जागेवरच आढळून आले. तरी ते पूर्ववत नोंदीत घ्यावे, आणि त्यापुढे उड्डाणकाल, विमान नसले तरी, दोन्ही दिशांना अडतीस मिनिटे असा कायम ठेवण्यास मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती. लोक विचारतात.

आपली विश्वासू,
चौकशी खिडकी.'